ओस्ट हाऊस : इमारत की यंत्र?

इंग्लंडच्या आग्नेय कोपऱ्यात केंट नावाचा परगणा आहे. तेथील खेड्यापाड्यांची छायाचित्रे पाहिली तर एक गोष्ट हमखास नजरेत भरते. शेतातले एक लांबट, कौलारू, दुमजली कोठार. त्याला चिकटून विटांचा एक गोल बुरूज. बुरुजावर उंच, निमुळते, शंकूच्या आकाराचे छप्पर. आणि छपराच्या अगदी टोकाला, एका बाजूने उघडी असलेली पांढरी लाकडी टोपी. कुठे असा एकच बुरूज दिसतो, कुठे चार-पाच ओळीने उभे असतात. परीकथेच्या पुस्तकातून उचलून आणल्यासारख्या दिसणाऱ्या या इमारतींना ओस्ट हाऊस म्हणतात. शेजारच्या ससेक्स परगण्यातही त्या आहेत. मुंबईत जन्मलेले लेखक रुडयार्ड किपलिंग १९०२ पासून ससेक्समधील ज्या घरात राहिले, त्याच्या आवारातही एक ओस्ट हाऊस आहे.

दिनदर्शिकांवर आणि भेटकार्डांवर ही इमारत फार शोभते. पण ती शोभेसाठी बांधलेली नव्हती आणि राहण्यासाठीही नव्हती. ओस्ट हाऊस हे वाळवणीचे यंत्र आहे. विटा, लाकूड, कौले आणि ऊन हवा एवढ्यावर ते चाले. आज यांतील पुष्कळ इमारतींची राहती घरे झाली आहेत. त्यांचा बाहेरचा आकार कसोशीने जपला जातो आणि आतले यंत्र मात्र काढून टाकले जाते. माझ्या मते यात काहीतरी उलटे घडते आहे. ते का, हे सांगण्यापूर्वी हे यंत्र चालते कसे ते पाहू या.

हॉप हा भांगेच्या कुळातला एक वेल. याच्या नर आणि मादी वेली वेगवेगळ्या असतात. मादी वेलीला उन्हाळ्याच्या अखेरीस फिकट हिरवे, पातळ खवल्यांचे, बोटाच्या पेराएवढे शंकू येतात. व्यवहारात त्यांनाच हॉप म्हणतात. खवल्यांच्या तळाशी पिवळ्या चिकट भुकटीसारख्या बारीक ग्रंथी असतात. त्यांतील राळेसारख्या द्रव्यामुळे बीअरला कडवटपणा येतो, आणि ती लवकर नासतही नाही, कारण त्यातील कडू आम्ले पुष्कळ जातींच्या जिवाणूंची वाढ रोखतात. लंडनच्या हॉजसन यांच्या कारखान्याची बीअर अठराव्या शतकाच्या अखेरीस ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून आफ्रिकेला वळसा घालून हिंदुस्थानात येई. कित्येक महिन्यांच्या त्या उष्ण प्रवासात टिकावी म्हणून तिच्यात हॉप जास्त घालीत. बीअर चांगली की वाईट हा येथे प्रश्न नाही. आपल्याला फक्त वाळवणीशी कर्तव्य आहे.

इंग्लंडात हॉपची लागवड सोळाव्या शतकात फ्लँडर्समधून, म्हणजे आजच्या बेल्जियमच्या भागातून आली. रेजिनाल्ड स्कॉट या केंटच्या गृहस्थांनी १५७४ साली हॉपच्या बागेवर एक सचित्र पुस्तक लिहिले. त्यात वाळवणीच्या भट्टीचेही वर्णन आहे. ‘ओस्ट’ या शब्दाचा मूळ अर्थ भट्टी असाच आहे. भाषाशास्त्रज्ञ त्याचा संबंध ‘जळणे’ या अर्थाच्या एका प्राचीन धातूशी जोडतात. आपला ‘इंधन’ हा शब्दही त्याच धातूचा. केंटचा शेतकरी आणि आपल्या घरची चूल यांची अशी एक दूरची सोयरीक निघते.

आता वाळवणीचा प्रश्न. ताज्या हॉपमध्ये वजनाच्या सुमारे ८० टक्के पाणी असते. तोडलेला हॉप ढीग करून ठेवला तर काही तासांतच आतून तापू लागतो आणि खराब होतो. तोडणीचा हंगाम सप्टेंबरातला, अवघ्या तीन-चार आठवड्यांचा. इंग्लंडातल्या सप्टेंबरच्या उन्हावर भरवसा ठेवून अंगणात वाळवण घालण्याची सोय नाही. तेव्हा विस्तवाला पर्याय नव्हता. वाळवून पाण्याचे प्रमाण सुमारे ६ टक्क्यांवर आणायचे. साठवणीत ते पुन्हा १० टक्क्यांपर्यंत चढते.

किती पाणी काढावे लागते याचा हिशेब करून पाहा. १०० किलो ओल्या हॉपमध्ये २० किलो घन द्रव्य आणि ८० किलो पाणी. वाळल्यावर हे २० किलो एकूण वजनाच्या ९४ टक्के व्हायला हवेत, म्हणजे एकूण वजन सुमारे २१.३ किलो. याचा अर्थ जवळजवळ ७९ किलो पाणी वाफ होऊन गेले पाहिजे. एक किलो पाण्याची वाफ करायला साधारण २,४०० किलोज्यूल ऊष्मा लागतो, तेव्हा ७९ किलोला सुमारे १,९०,००० किलोज्यूल. चांगला दगडी कोळसा किलोमागे ३०,००० किलोज्यूलच्या आसपास ऊष्मा देतो. म्हणजे कागदावर सहा-साडेसहा किलो कोळसा पुरतो. प्रत्यक्षात बराच जास्त लागे, कारण पुष्कळ ऊष्मा हवेबरोबर वर निघून जातो.

पण कोळशापेक्षाही मोठी गरज हवेची असते, आणि ही गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पाण्याची वाफ झाली तरी ती तेथून वाहून नेणारे कोणी हवे. एक घनमीटर हवेने जाताना १५ ग्रॅम पाणी उचलून नेले असे धरले, तर ७९ किलो पाण्यासाठी पाच हजारांहून अधिक घनमीटर हवा लागेल. तुमची वर्गखोली ८ मीटर लांब, ६ मीटर रुंद आणि साडेतीन मीटर उंच असेल, तर अशा तीस खोल्या भरून हवा, आणि तीही फक्त १०० किलो हॉपसाठी! एवढी हवा हॉपच्या थरातून वर ढकलायची, आणि तीही पंख्याशिवाय. ओस्टचा सारा आकार या एका अडचणीतून निघालेला आहे.

बुरुजाच्या आत शिरू. तळाशी विस्तव. भिंतीत खाली हवा आत यायला झरोके. विस्तवापासून तीन-चार मीटर किंवा त्याहूनही अधिक उंचीवर वाळवणीचा मजला. हा मजला म्हणजे इंचभर रुंदीच्या लाकडी पट्ट्यांची जाळी. दोन पट्ट्यांमध्ये मोकळी फट. तिच्यावर घोड्याच्या केसांचे विरळ विणलेले कापड अंथरत. हे कापड उष्णता सोसते, हॉप खाली पडू देत नाही आणि हवेला अडवत नाही. त्यावर सुमारे फूटभर जाडीचा हॉपचा थर. त्याच्या वर काहीच नाही. फक्त वर वर अरुंद होत गेलेले छप्पर. छपराला आतून गिलावा असे, म्हणजे कौलांच्या फटींतून थंड हवा आत शिरायला नको.

विस्तवाच्या धुराला वेगळी वाट ठेवलेली नव्हती. जे काही जळेल त्याचे वायू हॉपमधूनच जात. म्हणून जळण निवडून घ्यावे लागे. आधी लोणारी कोळसा, पुढे जवळजवळ बिनधुराचा अँथ्रासाइट. शिवाय विस्तवावर थोडा गंधक टाकीत. गंधकाच्या धुराने हॉपचा रंग उजळ पिवळसर होई आणि व्यापाऱ्याला तो आवडे. माल नजरेला बरा दिसावा म्हणून त्याला गंधकाची धुरी देण्याची खोड जुनीच म्हणायची.

तापमान साधारण ६० अंश सेल्सिअस. याहून फार वाढवले तर हॉपची सुगंधी तेले उडून जातात आणि ती मौल्यवान राळ बिघडते. फार कमी ठेवले तर वेळ लागतो आणि मागून आलेला ओला माल ढिगात सडतो. एक घाणा वाळायला दहा-बारा तास लागत. हंगामभर वाळवणारा माणूस ओस्टमध्येच मुक्काम ठोकून असे. रात्री पोत्यांवर पाठ टेकायची आणि मधून मधून उठून विस्तव सारखा करायचा. हॉप मुठीत चुरून, शंकूच्या मधला देठ कट्कन मोडतो की वाकतो यावरून तो माल झाला की नाही हे ठरवी. टोपीतून बाहेर पडणाऱ्या ओलसर वाफेवरही त्याची नजर असे.

आता पंख्याच्या जागी काय होते ते पाहू. गरम हवा हलकी असते म्हणून ती वर जाते, हे तुम्ही पाठ्यपुस्तकात वाचले आहे. पण किती जोराने? १५ अंशांच्या हवेचे वजन घनमीटरला सुमारे १.२२ किलो, ६० अंशांच्या हवेचे सुमारे १.०६ किलो. फरक अवघा १६० ग्रॅमच्या आसपास. विस्तवापासून टोपीपर्यंतची उंची १० मीटर धरली आणि हा सगळा स्तंभ ६० अंशांचा मानला, तर बाहेरच्या हवेच्या तुलनेत दाबाचा फरक येतो सुमारे १६ पास्कल. नळीतून पाणी दीड मिलिमीटर वर ओढायला जेवढा दाब लागतो तेवढाच! वातावरणाच्या दाबाचा हा सहा हजारावा हिस्साही नाही. प्रत्यक्षात हॉपमधून निघताना हवा थोडी थंड होते, तेव्हा एवढाही मिळत नाही. ही ओढ वाढवण्याचे दोनच मार्ग आहेत : हवा आणखी तापवा, किंवा स्तंभ उंच करा. तापवण्याला ६० अंशांची मर्यादा आहे. राहिली उंची. ओस्टचे छप्पर उगीच उंच नाही. कंदिलाची काच काढली की ज्योत फडफडते आणि काजळी धरते. काच बसवली की ती नीट जळते. कारण हेच : काचेमुळे गरम हवेचा स्तंभ तयार होतो आणि तो खालून ताजी हवा ओढतो.

आणि आता ती टोपी. १६ पास्कल ही ओढ किती नाजूक आहे याची कल्पना वाऱ्याशी तुलना केली की येते. सेकंदाला ५ मीटर, म्हणजे ताशी १८ किलोमीटर वेगाचा वारा समोरून आदळला तर त्याचा दाब सुमारे १५ पास्कल भरतो. म्हणजे एक साधी झुळूक टोपीच्या तोंडातून आत शिरली तर सगळे ओढकाम ठप्प. ओली वाफ परत हॉपवर आणि धूर वाळवणाऱ्याच्या डोळ्यात. म्हणून टोपी एका उभ्या दांड्यावर अशी बसवली, की ती वाऱ्याबरोबर फिरेल. उघड्या तोंडाच्या बाजूला एक लांब फळी पुढे काढलेली असते. वातकुक्कुटाच्या शेपटीसारखी ही फळी नेहमी वाऱ्याच्या दिशेने, म्हणजे वारा जिकडे चालला तिकडे, लोटली जाते, आणि टोपीचे तोंडही तिकडेच वळते. वाऱ्याकडे पाठ. पाऊसही आत येत नाही. शिवाय टोपीला वळसा घालून जाणाऱ्या वाऱ्यामुळे तोंडापाशी दाब किंचित उतरतो आणि आतल्या हवेला बाहेर यायला मदतच होते. म्हणजे जो वारा काम बंद पाडणार होता, त्यालाच या फळीने कामाला लावले. अभिसरण शिकवताना आपण चंचुपात्रात पोटॅशियम परमँगनेटचा खडा टाकतो आणि तेथेच थांबतो. शिक्षकांनी एकदा फळ्यावर ओस्टचा छेद काढून पाहावा. तेवढ्यात घनता, दाब, बाष्पीभवन आणि वाऱ्याचा दाब अशी चार प्रकरणे येऊन जातात.

वाळलेला हॉप लगेच भरता येत नसे. तो कॅनव्हास लावलेल्या मोठ्या फावड्याने शेजारच्या कोठाराच्या माडीवर पसरत. गरम असताना भरला तर तो चुरा होतो. जरा निवला, ओल सगळीकडे सारखी पसरली, की लवचिक होतो. माडीच्या जमिनीत एक गोल भोक असे. त्यातून माणसापेक्षा उंच पोते खाली लोंबते सोडायचे आणि वरून हॉप दाबून भरायचा. आधी हे काम पोत्यात उतरून पायांनी तुडवून करीत, पुढे दात्यांच्या चाकाचे दाबयंत्र आले. कोठार दुमजली का आणि माडी वाळवणीच्या मजल्याला जोडलेली का, याचे उत्तर येथे मिळते.

येथवर मी बुरूज गोल धरला. पण ओस्ट सुरुवातीला गोल नव्हतेच. जुन्या भट्ट्या चौकोनी, पुष्कळदा साध्या कोठारातच बसवलेल्या होत्या. गोल भट्टी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रूढ झाली. तिचे श्रेय केंटमधील जॉन रीड यांना दिले जाते. पोटातील विष उपसून काढणाऱ्या पंपाबद्दलही याच गृहस्थांचे नाव घेतात. गोल आकारामागचा विचार सरळ होता : चौकोनाच्या कोपऱ्यांत ऊष्मा नीट पोचत नाही, तेथला हॉप ओला राहतो, कोपरेच काढून टाका. भूमितीही अनुकूल होती. १६ फूट बाजूच्या चौरसाचे क्षेत्रफळ २५६ चौरस फूट आणि परिमिती ६४ फूट. १८ फूट व्यासाच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ जवळजवळ तेवढेच, २५४ चौरस फूट. परिघ मात्र साडेछप्पन्न फूट. भिंत बारा टक्के कमी.

तरीही एकोणिसावे शतक संपत आले तेव्हा नवे ओस्ट पुन्हा चौकोनी बांधले जाऊ लागले! झाले असे, की उंची पुरेशी असली, विस्तव सारखा पसरला आणि हवेचे झरोके नीट ठेवले, तर चौकोनी भट्टीतही हॉप तितकाच चांगला वाळतो, असे अनुभवाने दिसून आले. कोपऱ्यांची भीती वाजवीपेक्षा जास्त होती. आणि वाचलेल्या विटांपेक्षा गोलाईचा खर्च मोठा होता. गोल भिंतीत सरळ तुळया बसवताना आणि शंकूवर कौले चढवताना कारागिरांचा घाम निघे. दोन चौकोनी भट्ट्या शेजारी बांधल्या तर मधली भिंत सामाईक होते. दोन वर्तुळांना ती सोय नाही.

मला हा इतिहासाचा तुकडा फार महत्त्वाचा वाटतो. गोल बुरूज हे एक अनुमान होते. शेतकऱ्यांनी ते विटांत बांधून पाहिले, दोन-तीन पिढ्या वापरले आणि पटले नाही तसे सोडून दिले. गोल आणि चौकोनी, दोन्ही प्रकार शेजारी शेजारी उभे असले तरच हा प्रयोग वाचता येतो. पण पर्यटकाला गोलच आवडतो, चित्रकाराला गोलच आवडतो, आणि घर विकत घेणाऱ्यालाही बहुधा गोलच.

पुढची हकीकत थोडक्यात. १९३० नंतर तेलावर चालणारे जाळ आणि विजेचे पंखे आले. पंखा लागला, की उंच छपराची आणि फिरत्या टोपीची गरज सरली. छपराच्या आढ्याला झडपा बसवल्या की काम भागू लागले. तोडणीच्या हंगामात लंडनच्या गरीब वस्त्यांतून कुटुंबेच्या कुटुंबे केंटमध्ये हॉप तोडायला येत. लेखक जॉर्ज ऑर्वेल यांनीही १९३१ साली ते काम केले होते. यंत्राने तोडणी सुरू झाल्यावर ते स्थलांतरही थांबले. इंग्लंडात १८७८ साली सुमारे ७२ हजार एकरांवर हॉप होता, आज तो अडीच हजार एकरांच्याही आत आला आहे, आणि आजचा हॉप आधुनिक शेडमध्ये वाळतो. रिकामे ओस्ट मग घरे झाले. गोल भिंतीला खिडक्या पडल्या, वाळवणीच्या मजल्याच्या जागी पक्की जमीन आली, झरोके बुजले. टोपी पुष्कळ ठिकाणी आता फायबरग्लासची आहे आणि पाऊस येऊ नये म्हणून पक्की बसवलेली आहे. वारा कुठलाही असो, तिचे तोंड एकाच दिशेला.

याच्या उलट बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे मला कळते. कोणी राहायला आले नसते तर यांतील बहुतेक इमारती केव्हाच कोसळल्या असत्या. छप्पर शाबूत राहते ते त्याखाली कोणीतरी राहते म्हणूनच. घरात राहणाऱ्याने जमिनीत फटी आणि भिंतीत झरोके ठेवावेत अशी अपेक्षा कोणी करणार नाही. सगळे ओस्ट जसेच्या तसे ठेवा असे मी म्हणतच नाही. माझी तक्रार निवडीबद्दल आहे. जपण्यासारखे काय आहे हे ठरवताना बाहेरची रूपरेषा तेवढी मोजली गेली. तिच्याहून दुर्मिळ आहे ती आतली पट्ट्यांची जमीन, घोड्याच्या केसांचे कापड, माडीतले गोल भोक, दाबयंत्र, आणि फिरणारी टोपी. आणि सर्वांत दुर्मिळ आहे मुठीत हॉप चुरून ‘झाला’ म्हणणाऱ्या माणसाचे ज्ञान. हे ज्ञान कोणत्याही इमारतीच्या नोंदीत उतरत नाही. ते विस्तव पेटवल्याशिवाय शिकता येत नाही आणि एकदा तुटले की पुस्तकावरून पुन्हा जुळवणे कठीण.

म्हणून ओस्टचे घर करण्याची परवानगी देताना आतल्या प्रत्येक भागाची मापे घेऊन आराखडे काढण्याची सक्ती असावी, झरोक्यांसकट. हे अगदीच स्वस्तातले काम आहे. दुसरे काम महाग, पण जास्त मोलाचे : निवडक ओस्ट चालते ठेवायचे, आणि दर सप्टेंबरात त्यांत थोडा तरी हॉप खरोखर वाळवायचा. मेडस्टन गावाजवळील ग्रामीण जीवनाच्या संग्रहालयाने जुन्या पद्धतीने हॉप तोडून, वाळवून आणि हाताने भरून दाखवण्याचा उपक्रम केलेला आहे, तेव्हा हे अशक्य नाही. अशी दहा-बारा ठिकाणे तरी हवीत. त्यांत निदान तीन-चार चौकोनी असावीत, आणि एखाद्या ठिकाणी १९३० नंतरचा पंखा आणि तेलाचा जाळही जागच्या जागी ठेवावा, दिसायला तो कितीही ओबडधोबड असला तरी.